अढळ अकरा विरुद्ध नंतर बघू

९ ऑगस्ट, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. लढणाऱ्याने स्वतःची टिपणं ठेवली नाहीत तर त्याचा इतिहास दुसरेच लिहितात. माझ्या बाबतीत दुसरा म्हणजे मेहुणा. तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आज संध्याकाळी माझी फुटबॉल टीम मैदानात उतरते आहे. फँटसी टीम. म्हणजे परदेशी लीगमधले खरे खेळाडू आपण फोनवर निवडायचे, पंधरा. अकरा खेळवायचे, चार बाकावर बसवायचे. त्यांनी खऱ्या सामन्यात गोल मारला की पॉइंट आपल्याला. कॅप्टन नेमू त्याचे दुप्पट. आठवड्याला एक खेळाडू बदलायची मुभा. जास्त बदलले तर पॉइंट कापतात. आठवड्याचा पहिला सामना सुरू व्हायच्या आधी डेडलाइन. संपले नियम. मेहुणा म्हणतो, दाजी, याला डोकं लागतं. चूक. याला तत्त्व लागतं.

आमच्या लीगमध्ये चौघे. मी, मेहुणा, आमच्या ब्रेडच्या कारखान्यातला भट्टीवाला, आणि लेक. लीग लेकीनेच काढली. गेल्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, त्या दिवशी बसमधून सगळ्यांना लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं: बाबा, निदान इथे तरी भेटू.

'निदान' अशासाठी, की आदल्या संध्याकाळी मी थोडं बोललो होतो. थोडं म्हणजे सगळ्यांची ताटं गार होईपर्यंत. मी म्हणालो, कारखान्याच्या ऑफिसात तुझ्यासाठी मी शब्द टाकून खुर्ची राखली, आणि तू परक्यांचे गुडघे चोळायला निघालीस? ती फिजिओथेरपिस्ट आहे. वाक्य वक्तृत्वाच्या दृष्टीने निर्दोष होतं. गेटसभेत टाळी पडली असती. ती उठून बॅग भरायला गेली.

तेव्हापासून ती आईला फोन करते. मला नाही. मीही करत नाही.

तर संकल्प. पॉइंटांच्या टेबलात ज्या दिवशी तिच्या वर जाईन, त्याच दिवशी मी स्वतः तिला फोन करणार. हरलेल्याने केलेला फोन म्हणजे शरणागती. जिंकलेल्याने केलेला फोन म्हणजे मनाचा मोठेपणा. आणि मोठेपणा दाखवायला मी अगदी उतावीळ आहे. दोन, फार तर तीन आठवड्यांचा प्रश्न.

टीमचं नाव: अढळ अकरा. धोरण: एकदा निवडलेला माणूस दुखापत झाली म्हणून काढायचा नाही. मी युनियनचा सेक्रेटरी आहे. मशीनमध्ये बोट गेलेल्या माणसाला घरी बसवू देणार नाही, हे ज्याने मालकाच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तो शनिवारी फोनवर वेगळा वागेल?

लेकीच्या टीमचं नाव: नंतर बघू. घाईत टाकलं असणार. पोर आहे.


१० ऑगस्ट, रविवार.

माझा कॅप्टन तोफ. (खरं नाव मला उच्चारता येत नाही. लाथ तोफेसारखी म्हणून तोफ.) सामना जेमतेम तापला आणि लंगडत बाहेर. हॅमस्ट्रिंग. म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू.

वाजतगाजत आणलेला, कडेने धावणारा विंगर, ज्याला मी नवरदेव म्हणतो, तो पूर्ण वेळ बाकावर. कोचने म्हणे विश्रांती दिली. पहिल्याच सामन्यात विश्रांती! दमला कशाने? फोटो काढून घेऊन?

टेबल: लेक पहिली. मी चौथा. चौघांत.

हरकत नाही. इमारत उभारायची तर आधी खालीच खणावं लागतं.


२४ ऑगस्ट, रविवार.

मेहुणा जेवायला आला. म्हणाला, दाजी, तोफ महिनाभर नाही, काढा की त्याला. मी म्हणालो, माणूस आहे तो, बल्ब नाही. म्हणाला, अहो, तो तिकडे बंगल्यात पाय पसरून बसलाय, त्याला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का? मी म्हणालो, निष्ठा ओळखीवर अवलंबून नसते. त्यावर तो बायकोला म्हणाला, ताई, यांना वाढ गं अजून, बोलून दमलेत.

मी चौथा. पण चांगला चौथा.


६ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

तोफ परतला! मी एकट्याने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पुन्हा कॅप्टन केला. थोडा वेळ खेळला आणि तोच पाय धरून खाली बसला. तोच स्नायू.

आणि लगेच लीगच्या ग्रुपवर लेकीचा मेसेज. बाबा, तोफला काढा. एकच स्नायू दुसऱ्यांदा गेला आणि घाईने उतरवला, तर बहुतेक तिसऱ्यांदा जातो. आमच्याकडे असे पेशंट रोज येतात. हवं तर फोन करा, नीट समजावून सांगते.

शत्रूच्या गोटातून सल्ला! मला माझ्या कॅप्टनपासून तोडायचा हा सरळ सरळ डाव. बायको म्हणाली, अहो, तिने फोन करा म्हटलंय. मी म्हणालो, तीच तर खरी चाल आहे, मी आत्ता चौथा आहे. बायको म्हणाली, कसले चौथे? मी समजावत बसलो नाही.

उत्तर लिहिलं. सहा परिच्छेद. पहिल्यात मजुरांच्या चळवळीचा इतिहास, शेवटचं वाक्य असं: 'माणूस म्हणजे स्नायूंची बेरीज नव्हे.' लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा मोठ्याने वाचलं.

मेहुण्याने जांभई देणारं तोंड पाठवलं. भट्टीवाल्याने विचारलं, सेक्रेटरी, हे सगळं वाचायचं आहे का? लेकीचं उत्तर एका शब्दाचं: बरं.

निरुत्तर झाली.


२१ सप्टेंबर, रविवार.

एक गोष्ट लक्षात आली आहे. ती कोणाला सांगणार नाही.

ॲपमध्ये दुसऱ्यांच्या टीमा बघता येतात. मी लेकीची रोज बघतो, शत्रूचा अभ्यास हवाच. तर सुरुवातीला ती दर आठवड्याला एक बदल करायची. माझ्या सहा परिच्छेदांनंतर एकही नाही. तेच पंधरा, तोच कॅप्टन, बाकावरचा क्रमही तोच.

तिला पटलं! माझंच धोरण तिने उचललं! तोंडाने 'बरं' म्हणाली आणि कृतीने बापाच्या मागे उभी राहिली. रक्त बोलतं.

मन भरून आलं. फोन करावासा वाटला. पण आत्ता केला तर तिला वाटेल विरघळलो. आधी टेबल.


१२ ऑक्टोबर, रविवार.

दुखापतींची स्थिती. तोफ: हॅमस्ट्रिंग. डावा बॅक: घोटा. दुसरा स्ट्रायकर: पोटरी, 'बघू, सांगता येत नाही' या वर्गात. गोलकीपर: सरावाला येताना गाडीच्या दारात बोट. नवरदेव धडधाकट आहे, त्यामुळे तो खेळत नाही.

संकल्प: रोज पहाटे उठून तिकडच्या सगळ्या कोचांच्या मुलाखती ऐकायच्या. कोच काय म्हणतो ते नाही, काय म्हणत नाही ते ऐकायचं.

काल ऐकल्या. कोच म्हणाला नवरदेव उद्या नक्की खेळेल. मी कॅप्टन केला. बाकावर बसून च्युइंगम खाल्लं त्याने.

'नंतर बघू' अजून तसंच. हिची हिंमत केवढी आहे! तिच्याही दोघांना लागलंय. काढले नाहीत. मेहुणा म्हणाला, अहो दाजी, तिला वेळ नसेल. मी नुसता हसलो. मेहुण्यासारख्या माणसाला संयम दिसतच नाही. त्याला फक्त आळस ओळखता येतो.


८ नोव्हेंबर, शनिवार.

डेडलाइनच्या गडबडीत बायकोने सांगितलं, लेक कामाच्या जागी ओल्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. एकटी राहते, केससुद्धा बांधता येत नाहीत. जाऊ या आपण दोघं.

मी विचारात पडलो. या आठवड्यात माझ्या तीन खेळाडूंचे प्रत्येकी दोन सामने आहेत. वर्षातून असा योग क्वचित येतो. एकाच आठवड्यात मी तिच्या वर जाऊ शकतो. मग फोन. मग तिकडे गेलो तर त्या जाण्याला काही अर्थ. बायकोला म्हणालो, तू हो पुढे, मी मागून येतो.

तिने मोठी बॅग कुठे आहे एवढंच विचारलं.


१३ नोव्हेंबर, गुरुवार.

तिघांपैकी एकाला पहिल्या सामन्यात लाल कार्ड. दुसऱ्याला दोन्ही सामन्यांत 'विश्रांती'. तिसरा नवरदेव.

घर शांत आहे. अंडी उकडली. फुटली.

तिची टीम पाहिली. हात प्लास्टरमध्ये, तरी टीमला धक्का लावलेला नाही. याला म्हणतात मनोधैर्य. तोफने यातून शिकावं.

बायकोचा मेसेज: मागून कधी येताय? लिहिलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात माझ्या लोकांचे सामने सोपे आहेत.


२१ डिसेंबर, रविवार.

बायको परत आली. दीड महिना राहिली. प्लास्टर निघालं. मी जाऊ शकलो नाही कारण डिसेंबरात सामन्यांची दाटी असते आणि दाटीत कोच लोक रोटेशन करतात, म्हणजे आळीपाळीने माणसं बसवतात. आज हा, उद्या तो. खेळाडूला कळत नाही आपण आहोत की नाही. मी विचारतो, ही कुठली पद्धत? हा शुद्ध अन्याय आहे. मोकळेपणाने खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या माणसाला सकाळी कागद चिकटवून सांगायचं की आज तू नाहीस!

याच आठवड्यात कारखान्यातही तेच भूत निघालं. मॅनेजमेंट म्हणतं, पाळ्या फिरत्या ठेवा, रात्रपाळी सगळ्यांना वाटून द्या. गुरुवारी युनियनची सभा. मी उभा राहिलो. गेली कित्येक वर्षं असा बोललो नव्हतो. रोटेशन म्हणजे माणसाला चाक समजणं, असं म्हणालो. आवाज पिठाच्या गोदामापर्यंत गेला असणार.

मग भट्टीवाला उठला. त्याला बोलता येत नाही, सगळे जाणतात. तो म्हणाला, सेक्रेटरी, तुम्ही कायम दिवसपाळीत. आम्ही पाच-सहा जण कायम रात्रीच्या भट्टीवर. वाटून घेतली तर पाठ पण वाटून दुखेल. आणि खाली बसला. एवढंच. ना सुरुवात, ना शेवट.

मतदान झालं. माझ्या बाजूने दोन हात वर. दोन्ही माझेच होते, असं भट्टीवाल्याचं म्हणणं.

सोमवारपासून मी रात्रपाळीला. सेक्रेटरीची निवडही त्याच सभेत उरकली. नवीन सेक्रेटरी भट्टीवाला. लोकशाहीत असं होतं. लोकांना तयार व्हायला वेळ लागतो.

लीगमध्ये तो दुसरा आहे. मी चौथा.


११ जानेवारी, रविवार. सकाळी कामावरून आल्यावर.

काल रात्रपाळीच्या झोपेत डेडलाइन गेली. कॅप्टन गोलकीपरच राहिला. (आठवडाभर नवरदेवाला धडा शिकवायला म्हणून ठेवला होता.) गोलकीपरने चार गोल खाल्ले, त्याचे पॉइंट कापतात. दुप्पट.

तोफ परतला होता. सहा मिनिटं. मांडी. तिसऱ्यांदा.

बायको कपाटं आवरत होती. म्हणाली, पोरीने हे तुम्हाला सप्टेंबरात सांगितलं होतं ना? मी म्हणालो, अंदाज होता तो, लागला. बायको म्हणाली, अंदाज कसला, ती शिकलीय ते. मी म्हणालो, तुला फुटबॉल कळत नाही. बायको म्हणाली, नाही कळत, पण पोरगी कळते. आणि कपाटाचं दार बंद केलं. जोरात नाही. पण बंद केलं.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

वाइल्डकार्ड नावाची एक सोय आहे. एकदाच वापरता येते. अख्खी टीम बदला, पॉइंट कापत नाहीत. मी तिच्याकडे ऑगस्टपासून तुच्छतेने पाहत आलो. पंधरा माणसांची एका फटक्यात हकालपट्टी! मालकही इतका निर्लज्ज नसतो.

आज वापरली.

पण नीट पाहिलं तर ही हकालपट्टी नाही. चळवळीच्या इतिहासात अशा वेळा येतात. संघटनेत साचलेपण येतं. तेव्हा नेतृत्वाला मन घट्ट करून नव्या रक्ताला जागा द्यावी लागते. शिवाय मी चौदाच काढले. तोफ ठेवला. तेव्हा तत्त्वाला धक्का नाही.

नवरदेवाला काढताना हात थरथरला नाही, हे नोंदवून ठेवतो.

लेकीकडे अजून तेच पंधरा. मी बदललो आणि ती बदलली नाही, हे तिने पाहिलं असणार. काय वाटलं असेल? आज बघणारच ती माझी टीम. तिच्या डोळ्यांनी मी पुन्हा एकदा पाहिली. चांगली दिसते.


१५ फेब्रुवारी, रविवार.

नवरदेव. तीन गोल.

नव्या चौदांपैकी दोघांना सरावात लागलं, एकाला ताप, एकाला मूल झालं म्हणून सुट्टी. सुट्टीवर माझा आक्षेप नाही. बाळंतपणाच्या रजेसाठी मी स्वतः मोर्चा काढलेला आहे. फक्त शनिवारी कळवायला हवं होतं.

मेहुण्याचा फोन. दाजी, तुम्ही कोणाला काढताय ते आदल्या दिवशी सांगत जा ना, मी त्यालाच घेत जाईन.


१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.

झालं. विजय.

सावकाश लिहितो. गेले तीन आठवडे नव्या टीमने जोर धरला होता. लेकीचं आणि माझं अंतर कमी कमी होत होतं. आज शेवटच्या सामन्याची शिट्टी वाजली आणि ॲपवर आकडे हलले. मी तिच्या वर. दोन पॉइंटांनी. मी तिसरा, ती चौथी.

सात महिने ज्या फोनची तयारी केली तो लावला. टिपणं काढलेली होती. सुरुवात प्रतिस्पर्ध्याच्या गौरवाने; मध्ये तत्त्व आणि काळ यांचा संबंध; मग गुडघ्यांच्या वाक्याचा योग्य तो खुलासा; शेवटी, ये घरी एकदा.

तिने उचलला. आवाज घाबरलेला. बाबा? आई बरी आहे ना? मी म्हणालो, सगळे उत्तम. मी म्हणालो, चांगली झुंज दिलीस, अभिनंदन. ती म्हणाली, कसली झुंज? मी म्हणालो, लीग. ती म्हणाली, कुठली लीग? मग म्हणाली, ओ, ते फुटबॉल! ते अजून चालू आहे? बाबा, मी ते ॲप सप्टेंबरातच काढून टाकलं. तुम्ही लोक अजून खेळताय?

मी विचारलं, म्हणजे तू टीम बघत नव्हतीस? म्हणाली, नाही हो, कुठला वेळ. मी विचारलं, माझी? म्हणाली, तुमची काय?

मी टिपणांचा कागद उलटवून पाहिला. या उत्तराची सोय त्यात नव्हती. मागे तिच्याकडे भांडी वाजत होती, कोणीतरी हसलं, तिच्या मैत्रिणी असाव्यात. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी विचारलं, तिसऱ्यांदा हॅमस्ट्रिंग गेला तर माणूस किती दिवसांत उभा राहतो?

भांड्यांचे आवाज लांब गेले. मग तिने सांगितलं. खूप नीट सांगितलं. आधी सूज, मग ताकद किती परत आली ते कसं तपासायचं, मग आधी चालणं, मग पळणं, मग वळणं. माणसाला बरं वाटतं आणि तो घाई करतो, तिथेच चुकतं, म्हणाली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकही शब्द जास्तीचा नाही. मध्ये एकदाही थांबवलं नाही मी. म्हणाली, या सीझनला विसरा त्याला.

मी म्हणालो, बरं.

म्हणाली, आई आहे का जवळ? द्या जरा.

बायको शेजारीच हात पुढे करून उभी होती.


१६ मार्च, सोमवार. सकाळ.

बोनस पॉइंट रात्रीतून लागतात. आणि ज्याचा खेळाडू मैदानात उतरलाच नाही, त्याच्या जागी बाकावरचा आपोआप धरला जातो. हे मला माहीत होतं. काल आठवलं नाही.

'नंतर बघू'च्या बाकावर एक म्हातारा बचावपटू ऑगस्टपासून बसलेला आहे. काल त्याच्या डोक्याला लागून गोल झाला. म्हणजे तो डोकं काढून घेत होता.

ती तिसरी. मी चौथा. सप्टेंबरापासून जिला कोणी हात लावलेला नाही त्या टीमच्या खाली.

अर्थात, पहिले पंधरा निवडले तिनेच होते. निवड महत्त्वाची. आणि मुलीला निवड करायला शिकवतं कोण? घरच.


५ एप्रिल, रविवार.

नवं धोरण. टेबल दुय्यम. खरा प्रश्न वैद्यकीय आहे. गेल्या रविवारी लेकीला मेसेज टाकला: पोटरी ताणली तर किती आठवडे? दुपारपर्यंत उत्तर आलं. बोलून पाठवलं होतं, बसमधून, गाड्यांचे आवाज येत होते. तीन वेळा ऐकलं. पोटरीबद्दल आता कारखान्यात माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

आज घोट्याबद्दल विचारलं. उत्तर आलं, लिहून. एक ओळ.

या आठवड्यात डेडलाइनआधी मुद्दाम दुखापतग्रस्त असे दोघे टीममध्ये घेतले. मेहुणा म्हणाला, दाजी, वेड लागलंय का, लोक लागलेल्यांना काढतात, तुम्ही लागलेले शोधून घेता? मी म्हणालो, सुरुवातीपासून हेच माझं तत्त्व आहे. तो म्हणाला, ताई, खरंच लक्ष दे गं यांच्याकडे.


१९ एप्रिल, रविवार.

टाच (मागच्या रविवारी): उत्तर सोमवारी. कंबर (आज): उत्तर नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. मला! बायकोला नाही, मला. मी उभा राहून घेतला. ती म्हणाली, बाबा, मी दिवसभर पेशंट बघते. संध्याकाळी हात दुखतो माझा, तो मोडलेला. तुमचे हे तिकडचे खेळाडू आहेत ना, त्यांना दहा-दहा डॉक्टर आहेत. मी कशाला? मी म्हणालो, तुझं मत वेगळं आहे. ती म्हणाली, माझं मत मी तुम्हाला मागेच दिलं होतं, तुम्ही निबंध पाठवलात.

मी म्हणालो, तो विचारमंथनाचा भाग होता.

ती हसली नाही. चिडलीही नाही. चिडली असती तर मला सुचलं असतं काही. पेशंटशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, बाबा, तुमचं स्वतःचं काही दुखत असेल तर कधीही फोन करा. खरंच, कधीही. पण या लोकांसाठी नको.

हा आमच्या संबंधांतला एक टप्पा आहे. 'कधीही' हा शब्द तिने दोनदा वापरला.

हात अजून दुखतो म्हणाली. ते विचारायचं राहिलं.


२४ मे, रविवार.

सीझन संपला. मेहुणा पहिला. भट्टीवाला दुसरा. नंतर बघू तिसरी. अढळ अकरा चौथे.

या शेवटच्या आठवड्यात मी टीम उघडलीच नव्हती. रात्रपाळी सुटली की झोपायचो. न बघता सोडलेल्या टीमने वर्षातले सर्वांत जास्त पॉइंट आणले. तोफने दोन गोल केले. फेब्रुवारीत मी त्याला ठेवलं, हे आता कोणाला सांगू? ग्रुपवर लिहिलं. भट्टीवाल्याने वर केलेला अंगठा पाठवला. मेहुण्याने लिहिलं, दाजी, पुढच्या वर्षी अशीच हात न लावता खेळा, बक्षीस घ्याल. लेकीने पाहिलं नाही. ती ग्रुपमधून कधी गेली ते मला कळलं नव्हतं.


३१ मे, रविवार. सकाळ.

तिकडे सगळ्यांना सुट्ट्या लागल्या. समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो येतात. कोणाला काही लागत नाही.

बायको दोन दिवस लेकीकडे गेली आहे. मला विचारलं नाही. मी मागून येतो म्हणेन हे तिला माहीत.

मघाशी फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. उभा राहून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कमरेत वाकलो. हात खांद्यापासून गोल फिरवून पाहिले. टाचांवर उभा राहिलो, मग चवड्यांवर. जिना दोनदा उतरलो, दोनदा चढलो.

कुठेही काही दुखत नाही.